तारखेचे ओझे गिऱ्हाइकाच्या माथी

बिस्किटांचा पुडा हातात घ्या आणि त्यावरची तारीख शोधून पाहा. किंमत सापडते, बक्षीस योजना ठळक सापडते. तारखेच्या जागी मात्र 'पाकिटाच्या मागे पाहा' एवढा निरोप असतो. मागे पाहावे तर शिवणीवर ठिपक्याठिपक्यांची पुसट अक्षरे, आणि त्यातला पहिला आकडा बहुधा बॅच क्रमांकाचा. आमच्या शेजारच्या आजी त्यालाच तारीख समजतात.

बॅच क्रमांक ही कारखान्याची आपली खूण. प्रत्येकाची पद्धत निराळी, त्यामुळे त्याचा अर्थ लावत बसू नये. तक्रारीची वेळ आली तर मात्र तोच कामाला येतो.

खरा घोळ आहे तो 'बेस्ट बिफोर' आणि 'यूज बाय' या दोन शब्दांचा. पहिली मुदत चवीची, दुसरी सुरक्षिततेची. 'बेस्ट बिफोर' उलटलेला चिवडा सादळेल, खवट लागेल. तो लगेच विषारी होत नाही. 'यूज बाय' किंवा 'एक्सपायरी' उलटलेले पनीर मात्र वास येत नाही म्हणून खाऊ नये. पूर्वी 'पॅकिंगपासून सहा महिने उत्तम' एवढे छापले की उत्पादक मोकळा होई; बोटांवर महिने मोजायचे काम आपले! २०२०च्या लेबलविषयक नियमांनी हे बदलले. माल तयार झाल्याची किंवा पॅकिंगची तारीख आणि 'एक्सपायरी' अथवा 'यूज बाय' छापणे सक्तीचे झाले, 'बेस्ट बिफोर' ऐच्छिक उरले. तीन महिन्यांपर्यंत टिकणाऱ्या मालावर दिवस, महिना, वर्ष हवे. अधिक टिकणाऱ्यावर महिना आणि वर्ष पुरते. औषधांवरही महिनाच असतो, आणि तिथे मुदत त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत धरायची.

नियम चांगलाच आहे. पण त्याच नियमांप्रमाणे मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असला की भागते. मराठीची सक्ती नाही. मग ज्या घरात स्वयंपाक आजी करतात, त्या घरासाठी ही तारीख छापली काय आणि न छापली काय?

शिवाय तारखेला एक अट असते, तिच्याकडे कुणी पाहत नाही. 'थंड व कोरड्या जागी ठेवावे' किंवा 'फ्रिजमध्ये ठेवावे' ही ती अट. ती पाळली तरच तारीख खरी. विदर्भातल्या मे महिन्यात टेम्पोत तापलेले चॉकलेट, वीज वाचवायला रात्री फ्रिज बंद करणारा दुकानदार, वाटेत दोन तास उन्हात राहिलेले दह्याचे डबे – यांवरची छापील तारीख तसूभरही हलत नाही, आतला माल मात्र केव्हाच हललेला असतो. म्हणून दह्या-पनीरचे फुगलेले पाकीट तारीख पुढची असली तरी परत करावे. (वेफर्सची पाकिटे मुद्दाम नायट्रोजन भरून फुगवतात, त्यांना हे लागू नाही.) बाटली किंवा डबा एकदा उघडला की मोठी तारीख संपली, मग 'उघडल्यावर इतक्या दिवसांत वापरा' ही बारीक ओळ खरी.

आता तर फोनवरून वाणसामान येते, पाकीट पैसे दिल्यावरच दिसते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये अशा विक्रेत्यांना बजावले, की माल घरी पोचताना मुदतीचा ३० टक्के भाग किंवा ४५ दिवस शिल्लक असावेत. पुढच्याच महिन्यात उत्पादक आणि आयातदारांकडून मुदतबाह्य व नाकारलेल्या मालाचा तिमाही हिशेब मागवला. कारण उघड आहे: दुकानातून परत गेलेला माल नवे लेबल लावून पुन्हा बाजारात येण्याची भीती. माझ्या मते हा हिशेब जिल्हावार लोकांपुढे ठेवला पाहिजे. नुसता कार्यालयात जमा झाला तर कुठल्या गावात किती माल मुदत उलटून पडला आणि पुढे त्याचे काय झाले, हे त्या गावच्या गिऱ्हाइकाला कसे कळावे?

तोवर तारखेवर दुसरा कागद चिकटवलेला दिसला किंवा आकडे खरवडलेले दिसले, तर दुकानदाराशी हुज्जत न घालता पाकीट आणि बिल जपून ठेवावे आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर किंवा जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी.