विश्लेषण : ऑलिम्पिक पदक नाही, मग अविनाश साबळेची कारकीर्द मोजायची कशी?

जुलै २०२५. मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये पाण्याच्या उडीपाशी अविनाश साबळे पडला आणि शर्यत तिथेच संपली. गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध आणि मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली गादी, दोन्हींना इजा झाली होती. शस्त्रक्रिया करावी लागली. सप्टेंबरमधली टोकियोची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा हुकली आणि त्याच महिन्यात त्यानं वयाची ३१ वर्षं पूर्ण केली.

फुटबॉलपटू किंवा क्रिकेटपटू एसीएलच्या दुखापतीतून परततात, हे आपण पाहिलंय. पण ज्या खेळात एका शर्यतीत ३५ वेळा उडी मारून एका पायावर उतरायचं असतं, तिथे हीच दुखापत वेगळी ठरते. त्यामुळे कारकीर्द संपलेली नसतानाही तिचा हिशोब मांडायची वेळ आली आहे. आणि तो मांडताना पहिला प्रश्न येतो तो पदकाचा. ऑलिम्पिक पदक? नाही. जागतिक स्पर्धेतलं पदक? तेही नाही.

मग बीडच्या या धावपटूला ‘महान’ म्हणायचं का?

आधी खेळ समजून घेऊ

३००० मीटर अंतर. ट्रॅकच्या साधारण साडेसात फेऱ्या. २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या. पुरुषांच्या शर्यतीत अडथळा ९१.४ सेंटीमीटर उंच असतो आणि तो हर्डल्ससारखा धक्का लागल्यावर आडवा होत नाही. आडवा होतो तो धावपटू. दहा-पंधरा जण घोळक्यानं धावत असताना पुढच्याच्या पाठीमुळे अडथळा नीट दिसतही नाही. म्हणून या खेळात दम लागतो तितकंच डोकंही लागतं.

१९६८ ते २०१६ या काळात केनियानं भाग घेतलेल्या प्रत्येक ऑलिम्पिकमध्ये पुरुषांचं सुवर्ण केनियाकडेच गेलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मांडव्याचा मुलगा सैन्यात धावायला लागला

अविनाश आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा. आई-वडील शेतकरी, शेतीच्या जोडीला वीटभट्टीवर काम. शाळा काही किलोमीटर लांब, तिथे चालत किंवा पळत जायचं. ही गोष्ट त्याच्यावरच्या प्रत्येक व्हिडिओत येते आणि ती खरीही आहे. पण शाळेत पळत जाणारी मुलं बीड जिल्ह्यात हजारोंनी आहेत. सगळी काही आठ मिनिटांत तीन किलोमीटर धावत नाहीत.

फरक पडला तो बारावीनंतर, महार रेजिमेंटमध्ये भरती झाल्यावर. सियाचिन आणि राजस्थान, म्हणजे बर्फ आणि वाळू, दोन्हीकडे पोस्टिंग झालं. २०१५ च्या सुमारास सैन्यातल्या क्रॉस कंट्री स्पर्धांमध्ये तो धावू लागला. मध्ये वजन वाढलं, ते त्यानं काही महिन्यांत उतरवलं. २०१७ मध्ये सैन्यातले प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवलं. तेव्हा तो २२-२३ वर्षांचा होता. केनियाची मुलं या वयात जागतिक पदकं घेऊन बसलेली असतात.

३७ वर्षांचा विक्रम, मग स्वतःचेच विक्रम

भारताचा राष्ट्रीय विक्रम गोपाल सैनी यांच्या नावावर होता. ८ मिनिटं ३०.८८ सेकंद, १९८१ सालचा. स्टीपलचेसकडे वळल्यानंतर वर्षभरातच, २०१८ मध्ये भुवनेश्वरला अविनाशनं तो मोडला : ८:२९.८०. जेमतेम एका सेकंदाचा फरक होता.

त्यानंतर जे झालं ते भारतीय ॲथलेटिक्समध्ये क्वचितच दिसतं. २०१९ मध्ये पतियाळा, मग दोहाच्या जागतिक स्पर्धेत दोनदा. दोहात हीटमध्ये दुसऱ्या धावपटूमुळे त्याची वाट अडली होती. भारतानं दाद मागितली, ती मान्य झाली आणि फायनलमध्ये त्यानं ८:२१.३७ वेळ दिली. पुढे ८:२०, ८:१८, ८:१६, ८:१२, ८:११. आणि जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८:०९.९१. दहाव्यांदा राष्ट्रीय विक्रम.

आकडे कोरडे वाटतात, म्हणून असं पाहा. १९८१ चे सैनी आणि २०२४ चा साबळे एकाच ट्रॅकवर धावले असते, तर साबळे रेषा ओलांडताना सैनी सव्वाशे मीटर मागे असते. आणि त्याच शर्यतीत इथिओपियाचा लामेचा गिर्मा त्याच्या ७:५२.११ या विश्वविक्रमी वेगानं धावला असता, तर तो रेषेवर पोहोचताना साबळे सुमारे ११० मीटर मागे असता.

म्हणजे ३७ वर्षं भारत जिथे अडकला होता तिथपासून जगातल्या सर्वोत्तम वेळेपर्यंतच्या वाटेतलं निम्म्याहून थोडं जास्त अंतर एका माणसानं सहा वर्षांत कापलं. उरलेलं निम्मं कापायचं राहिलं. साबळेचं मोठेपण आणि त्याची मर्यादा, दोन्ही या एका हिशोबात आहेत.

बर्मिंगहॅमचे पाच शतांश सेकंद

६ ऑगस्ट २०२२, राष्ट्रकुल स्पर्धा. केनियाच्या अब्राहम किबिवोटची वेळ ८:११.१५, साबळेची ८:११.२०. अंतिम क्षणाच्या वेगात हा फरक फूट-सव्वा फुटाचा. पण रौप्यपदकापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच होती. १९९८ ते २०१८ या सहा राष्ट्रकुल स्पर्धांमध्ये या शर्यतीची सगळी, म्हणजे १८ च्या १८ पदकं केनियानं नेली होती. ती रांग आष्टी तालुक्यातल्या जवानानं तोडली. (त्याच्या तालुक्यात रेल्वे पोहोचली ती या पदकानंतर दीड महिन्यानं.)

इथे थोडं थांबायला हवं. केनियाची पकड तेव्हा तशीही सैल होत होती. मोरोक्कोच्या सुफियान एल बक्कालीनं टोकियो ऑलिम्पिकचं सुवर्ण आधीच हिसकावलं होतं. शिवाय मोरोक्को आणि इथिओपिया राष्ट्रकुलात नाहीत, त्यामुळे बर्मिंगहॅमचं मैदान ऑलिम्पिकइतकं कठीण नव्हतं. तरीही ज्या किबिवोटशी साबळे शेवटच्या पावलापर्यंत झुंजला, तो पुढे २०२३ च्या जागतिक स्पर्धेत आणि पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक जिंकला. त्यामुळे त्या रौप्याला सोपं म्हणता येणार नाही.

मग मोठ्या फायनलमध्ये काय बिनसलं?

टोकियो ऑलिम्पिकमध्ये हीटमध्ये सातवा, ८:१८.१२. फायनल हुकलेल्यांमध्ये सर्वांत वेगवान तोच. २०२२ ला यूजीनच्या जागतिक फायनलमध्ये अकरावा. २०२३ ला बुडापेस्टमध्ये हीटमध्येच बाहेर. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये प्रत्येक हीटमधून पाच जण पुढे जाणार होते, हा पाचवा आला. फायनलमध्ये ८:१४.१८, पुन्हा अकरावा. त्याच शर्यतीत किबिवोट त्याच्या जवळपास आठ सेकंद पुढे होता.

याची दोन कारणं दिसतात. एक, साबळेला सुरुवातीपासून वेगवान शर्यत मानवते. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत तो पुढे निघाला तो निघालाच. ८:१९.५०, स्पर्धेचा नवा विक्रम आणि पुरुष स्टीपलचेसमधलं भारताचं पहिलं आशियाई सुवर्ण. पण जागतिक फायनल अनेकदा मुद्दाम संथ ठेवली जाते आणि शेवटच्या फेरीत स्फोट होतो. यूजीनची शर्यत अशीच होती. तिथे विक्रम कामाला येत नाही, शेवटच्या ४०० मीटरचा वेग येतो, आणि तो त्याच्याकडे बक्कालीइतका नव्हता. दुसरं कारण उशिरा झालेली सुरुवात. घोळक्यात कुठे राहायचं, कधी सुटायचं, हे लहान वयात अंगात मुरतं.

तो नसताना झालेली टोकियोची २०२५ ची जागतिक फायनल न्यूझीलंडच्या जॉर्डी बीमिशनं ८:३३.८८ अशा वेळेत जिंकली. ‘अरे, अविनाश तर २०१८ पासून याहून वेगानं धावतोय’ असं वाटणं साहजिक आहे. पण ही तुलना फसवी आहे. ती नेमकी त्याला न मानवणारी शर्यत होती.

बीडला काय मिळालं?

मिल्खा सिंग १९६० मध्ये चौथे आले, पी. टी. उषा १९८४ मध्ये एका शतांश सेकंदानं चौथी. पदक नसूनही दोघांचं मोठेपण कुणी नाकारत नाही. साबळे ऑलिम्पिकमध्ये तितका जवळ गेला नाही. मात्र आशियाई सुवर्ण, ५००० मीटरचं आशियाई रौप्य, २०२५ मध्ये गुमीत आशियाई अजिंक्यपद आणि अर्धमॅरेथॉनमधली १ तास ३० सेकंदांची वेळ, इतका मोठा पल्ला त्याच्या पिढीत दुसऱ्या भारतीयाकडे नव्हता. ५००० मीटरचा बहादूर प्रसाद यांचा ३० वर्षं जुना विक्रमही त्यानंच मोडला. तो नंतर गुलवीर सिंगनं आणखी पुढे नेला. स्टीपलचेसमध्ये मात्र असा गुलवीर अजून दिसत नाही. साबळेच्या आसपासही कुणी नाही.

स्टीपलचेसच्या ऑलिम्पिक फायनलमध्ये आतापर्यंत दोनच भारतीय धावले : २०१६ मध्ये ललिता बाबर आणि २०२४ मध्ये साबळे. एक साताऱ्याच्या माण तालुक्यातली, दुसरा बीडच्या आष्टीतला. दोन्ही तालुके दुष्काळी. यावर भाषणं भरपूर झाली. पण साबळेला घडवलं सैन्यानं, आणि पुढे अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या उंचीवर स्कॉट सिमन्स यांच्या सरावानं. ऊसतोड, दुष्काळ आणि अलीकडे गुन्हेगारी यांसाठीच बातम्यांत येणाऱ्या जिल्ह्यातल्या पुढच्या मुलाला आजही तिथवर जायचं तर आधी सैन्यभरतीच गाठावी लागेल.

नागोयाची आशियाई स्पर्धा १९ सप्टेंबर २०२६ ला सुरू होतेय. त्याच्या सहा दिवस आधी साबळे ३२ वर्षांचा होईल. शर्यतीत सात पाण्याच्या उड्या असतील आणि सुवर्ण राखायचं असेल तर त्या सातही उड्या शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्यानं माराव्या लागतील.