दाविदाचे स्तोत्र आणि ब्राँक्सचा ठेका

न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स विभागात मॉरिसानिया नावाची वस्ती आहे. तेथील ट्रिनिटी एपिस्कोपल चर्चमध्ये २००४ साली धर्मगुरू टिमथी होल्डर यांनी प्रभुभोजनाचा विधी हिप-हॉपच्या ठेक्यावर करण्यास प्रारंभ केला. दोन वर्षांनी, म्हणजे २००६ मध्ये, या उपासनेचे प्रार्थनापुस्तक त्याच पंथाच्या प्रकाशनसंस्थेने छापून प्रसिद्ध केले. ऑर्गनच्या धीरगंभीर स्वरांच्या जागी तबकडीची खरखर आणि संथ प्रवचनाच्या जागी यमकांची सरबत्ती ऐकून वडीलधाऱ्या भाविकांच्या कपाळाला आठ्या पडाव्यात, हे स्वाभाविकच होते. पण चर्चकडे पाठ फिरविणाऱ्या कुमारवयीन मुलांपर्यंत धर्मग्रंथ न्यायचा कसा, हा प्रश्न त्या आठ्यांनी सुटणारा नव्हता. हा प्रश्न अमेरिकेतील अनेक पंथांपुढे आहे, आणि त्याची जी उत्तरे दिली जातात त्यांतील खरे कोणते व दिखाऊ कोणते, हे पारखून घेण्यासारखे आहे.

हिप-हॉपचा जन्मही ब्राँक्समधलाच. ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक मार्गावरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत एका मुलीने शाळेसाठी नवे कपडे घेता यावेत म्हणून नाचगाण्याची मेजवानी योजिली. तबकड्या वाजविण्याचे काम तिच्या भावाकडे होते. मूळचा जमेकाचा हा क्लाइव्ह कॅम्पबेल पुढे ‘कूल हर्क’ या नावाने प्रसिद्धीस आला. गाण्यातील केवळ तालवाद्यांचा जो तुकडा असतो तो एकाच तबकडीच्या दोन प्रती आलटूनपालटून फिरवून लांबवावयाचा, ही त्याची युक्ती. त्या लांबविलेल्या तालावर नाचणारे आले आणि पाठोपाठ बोलणारेही आले. भोवतालची वस्ती त्या काळी उद्ध्वस्त होत होती. द्रुतगती महामार्गासाठी मोहल्ले पाडले गेले होते, घरमालकांनी सोडून दिलेल्या इमारती जळत होत्या आणि शाळांतील संगीतशिक्षणाला पैसा उरला नव्हता. वाद्ये नसलेल्या मुलांनी बापाच्या जुन्या तबकड्यांतून संगीत उभे केले. रॅपमध्ये जो आक्रोश आणि जी बढाई ऐकू येते, तिचे मूळ येथे आहे.

या बोलीचा धर्मप्रचारासाठी उपयोग करण्याची कल्पना होल्डर यांची नव्हे. स्टीफन वायली यांची ‘बायबल ब्रेक’ ही रचना १९८५ साली आली आणि ख्रिस्ती रॅपच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रणांत तिची गणना होते. १९८० च्या सुमारास ज्याच्या गाण्यांनी अमेरिका डोलत होती तो कर्टिस ब्लो पुढे हार्लेममधील हिप-हॉप चर्चच्या चळवळीत शिरला आणि २००९ मध्ये त्याने धर्मगुरूची दीक्षाही घेतली. पवित्र आशयाला अपवित्र समजली जाणारी चाल लावण्याचा इतिहास तर याहूनही जुना आहे. ब्लूज गाणाऱ्या मा रेनी यांना पियानोवर साथ करणारा ‘जॉर्जिया टॉम’ म्हणजेच थॉमस डॉर्सी. १९३० च्या दशकात त्याने शिकागोत गॉस्पेल गीते रचली, तेव्हा कित्येक चर्चनी त्याला दारातूनच परत पाठविले. आज तीच गीते जुन्या वळणाच्या भक्तीचा नमुना म्हणून गायली जातात. तेव्हा ‘हे संगीत देवळात शोभत नाही’ या आक्षेपाला इतिहासाचे पाठबळ फारसे नाही.

ग्रंथाचाच विचार केला तर आक्षेप आणखी लंगडा पडतो. बायबलची स्तोत्रे मुकाट्याने वाचण्यासाठी लिहिलेली नाहीत. त्यांतील अनेकांच्या शिरोभागी वाद्यांच्या आणि गायकप्रमुखाच्या सूचना आहेत. एकशे एकोणिसावे स्तोत्र १७६ चरणांचे आहे. हिब्रू लिपीतील बावीस अक्षरांचे बावीस खंड, आणि प्रत्येक खंडातील आठही चरणांचा आरंभ त्या एकाच अक्षराने. हे बंधन नुसत्या सजावटीसाठी नव्हते. त्यामुळे पाठांतर सुलभ होते. रॅप रचणारा यमकांची साखळी गुंफतो ती याच नात्याने. शाळेत दहा ओळींची कविता पाठ करताना कंटाळणारा मुलगा दोनशे ओळींचा रॅप एका दमात म्हणून दाखवितो, हा अनुभव कोणत्याही शिक्षकाला नवा नाही.

मग अडचण कोठे आहे? होल्डर यांच्या प्रार्थनापुस्तकातील तेविसाव्या स्तोत्राच्या रूपांतरात ती दिसते. हे स्तोत्र म्हणजे मेंढपाळाची एक विस्तृत प्रतिमा आहे. ब्राँक्समधील मुलाने मेंढी पाहिलेली नाही, म्हणून रूपांतरकारांनी मेंढपाळ काढून टाकला आणि परमेश्वर किती श्रेष्ठ आहे हे गल्लीतील वाक्प्रचाराने सांगितले. मृत्यूच्या छायेचे खोरे मात्र त्यांनी मृत्यूची वस्ती केले. हा दुसरा बदल अचूक आहे. ज्या रस्त्यावर मित्राला गोळी लागली त्या रस्त्यावरून शाळेत जाणाऱ्या मुलाला त्या ओळीचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही. पहिला बदल मात्र फसलेला आहे. मेंढपाळ गेला की त्याची काठी, हिरवी कुरणे आणि संथ पाणी यांना आधार राहत नाही. उरते ती केवळ देवाची वाहवा. शिवाय गल्लीतील वाक्प्रचार चार वर्षांत शिळा होतो. २००६ मधील ‘ताजी’ बोली आजच्या मुलाला वडिलांच्या कोटासारखी वाटत असेल. तीन हजार वर्षांच्या आसपासची मेंढी टिकली आणि कालचा शब्द टिकला नाही. ज्यांना सोपे करावयाचे असते त्यांनी काय गाळावे याचा विचार दोनदा केलेला बरा.

यापेक्षाही मोठा दोष निवडीत आहे. अशा उपक्रमांत बहुधा गोड भाग निवडले जातात. देव तुझ्यावर प्रेम करतो, तुझ्या पाठीशी आहे, धीर सोडू नकोस, एवढेच. हे सांगण्यासाठी रॅपची गरज नव्हती. शुभेच्छापत्रावरही ते छापता येते. रॅपचा खरा पिंड तक्रारीचा आहे, आणि बायबल तक्रारींनी भरलेले आहे. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारात सुरू होते आणि अंधारातच संपते; आशेचा एक किरणही शेवटी येत नाही. एकशे सदतिसावे स्तोत्र बाबेलच्या नद्यांकाठी रडणाऱ्या निर्वासितांचे. त्याचा शेवट शत्रूच्या तान्ह्या मुलांविषयीच्या इतक्या भयंकर शापाने होतो की चर्चमध्ये वाचताना तो पुष्कळदा गाळला जातो. गरिबांना विकणाऱ्या श्रीमंतांवर आमोस संतापतो, इयोब तर साक्षात देवाशी वाद घालतो. हा मजकूर पुळचट चालीवर बसत नाही, पण ब्राँक्सच्या ठेक्यावर बसतो. पौगंडावस्थेतील मुलाला धर्मग्रंथ नीरस वाटतो, कारण त्यातील राग त्याच्यापर्यंत पोचूच दिला जात नाही.

मात्र राग पोचू द्यावयाचा तर तो ऐकून घेण्याची तयारी हवी, आणि खरी परीक्षा तेथेच आहे. लेक्रे मूर या कृष्णवर्णीय ख्रिस्ती रॅप गायकाची कथा या दृष्टीने बोलकी आहे. त्याच्या ‘ग्रॅव्हिटी’ या संग्रहाला २०१३ साली गॉस्पेल विभागातील ग्रॅमी पारितोषिक मिळाले. २०१४ मधील ‘अ‍ॅनॉमली’ तर अमेरिकेतील सर्वसाधारण विक्रीच्या यादीत अग्रस्थानी पोचला. गोऱ्या इव्हँजेलिकल चर्चनी त्याला डोक्यावर घेतले, आपल्या युवक मेळाव्यांत मिरविले. त्याच वर्षी फर्ग्युसन येथे मायकेल ब्राऊन हा कृष्णवर्णीय तरुण पोलिसाच्या गोळीने मारला गेला आणि लेक्रे त्याविषयी बोलू लागला. २०१६ च्या स्वातंत्र्यदिनी त्याने कापूस वेचणाऱ्या गुलामांचे छायाचित्र प्रसिद्ध करून १७७६ साली आपले कुटुंब काय करीत होते याची आठवण दिली. त्यासरशी चाहत्यांचा सूर पालटला. ‘राजकारण सोड, सुवार्ता सांग’ असा उपदेश त्याला होऊ लागला. अखेर २०१७ मध्ये गोऱ्या इव्हँजेलिकल वर्तुळापासून आपण दूर झालो आहोत, असे त्याने उघडपणे सांगितले. त्याचा ताल चर्चना हवा होता. ज्या वस्तीतून तो ताल आला तिचे दुःख नको होते. आमोसाला मात्र सुवार्ता आणि राजकारण अशी विभागणी ठाऊक नव्हती.

मराठी वाचकाला या कथेतील काही गोष्टी ओळखीच्या वाटतील. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१६ साली त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ राचोल येथे छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्या. ओवी निवडण्यात केवळ चतुराई नव्हती. नवख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे पोर्तुगीज सत्तेने काढून घेतली होती आणि रिकामे झालेले त्यांचे कान काहीतरी मागत होते. स्टीफन्स यांनी ज्ञानदेव-एकनाथांचा छंद घेतला आणि मराठीचे गुणगानही मनापासून केले. ग्रंथ चर्चमधून गायिला गेला. पण पुढे १६८४ मध्ये त्याच सत्तेने स्थानिक भाषाच मोडून काढण्याचा हुकूम काढला. पुढे ना. वा. टिळकांनी अभंग आणि कीर्तन जवळ केले ते निराळ्या नात्याने. ते त्यांचे स्वतःचेच होते, कोणाकडून उसने आणलेले नव्हते. म्हणूनच त्यांच्या अभंगात भक्ताची कळ आहे, प्रचारकाची युक्ती नाही.

अमेरिकेतील युवकवर्गांना मार्गदर्शन करणाऱ्यांनी टिळकांची ही गोष्ट ऐकावी. पन्नाशीतला धर्मगुरू टोपी उलटी घालून मुलांच्या बोलीत बोलू लागला की मुले तोंडावर हसत नाहीत, एवढेच. ती विक्रेत्याला लांबूनच ओळखतात. त्यापेक्षा त्याने आपल्याच आवाजात अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाचून दाखवावे, त्यातील अवघड शब्दांचा अर्थ सांगावा आणि ध्वनिक्षेपक मुलांच्या हाती द्यावा. त्यातून जे येईल त्यात शिवी असेल, देवाला विचारलेला जाब असेल, कदाचित त्याच चर्चच्या कारभाराविषयीही दोन शब्द असतील. ध्वनिक्षेपक परत मागण्याचा मोह त्या क्षणी होणारच.