कुदळ-फावडं बाजूला ठेवून

अमेरिकन कविता म्हटलं की आपल्या अभ्यासक्रमात व्हिटमन, डिकिन्सन आणि फ्रॉस्ट. इटलीहून मजूर म्हणून गेलेल्या लाखो लोकांत कुणी कविता लिहीत असेल, हे मनातही येत नाही. पण लिहीत होते. आणि त्यातल्या ज्याचं नाव थोडंफार ऐकू येतं त्या पास्कल डॅन्जेलोला 'कुदळ-फावड्याचा कवी' हे बिरुद कायमचं चिकटलंय. मला ते खटकतं.

डॅन्जेलो १९१० मध्ये वडिलांबरोबर न्यूयॉर्कला उतरला, सोळा वर्षांचा. घरची भाषा अब्रुत्सोच्या डोंगरातली बोली. रस्ते खण, रेल्वेच्या यार्डात राब, आणि रात्री डिक्शनरी घेऊन बस, असं करत तो इंग्रजी शिकला. १९२२ मध्ये त्याने 'द नेशन'च्या कार्ल व्हॅन डोरेनना कळवळून पत्र लिहिलं आणि कविता छापून यायला लागल्या. १९२४ मध्ये 'सन ऑफ इटली' आलं. पण ते आत्मचरित्र. कविता त्यात अधूनमधून पेरलेल्या. म्हणजे वाचकांना हवी होती त्याची कहाणी. कौतुक ओसरल्यावर तो पुन्हा दारिद्र्यातच राहिला आणि १९३२ मध्ये अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर गेला. फ्रॉस्टने शेती केली म्हणून त्याला कुणी 'नांगराचा कवी' म्हणतं का?

आर्तुरो जोव्हानित्तीचं वेगळं. तो न्यूयॉर्कमध्ये 'इल प्रोलेतारियो' हे इटालियन पत्र चालवायचा. १९१२ च्या लॉरेन्सच्या गिरणी संपात एका कामगार बाईचा गोळी लागून मृत्यू झाला, आणि घटनास्थळी नसलेल्या जोव्हानित्तीवरच खुनाला साथ दिल्याचा खटला भरला. तो निर्दोष सुटला, पण तुरुंगात त्याने 'द वॉकर' ही इंग्रजी कविता लिहिली होती. १९१४ च्या त्याच्या संग्रहाला हेलन केलरची प्रस्तावना आहे. त्याने इटालियनमध्येही भरपूर लिहिलं, १९३८ मध्ये त्या भाषेत संग्रहही काढला, पण अमेरिकेत त्याची ओळख इंग्रजीपुरतीच. इटलीच्या दृष्टीने तो केव्हाच परदेशी झालेला! दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, तसली गत.

मला सगळ्यात जास्त भावतो तो मात्र एदुआर्दो मिल्याच्चो, म्हणजे 'फार्फारिएल्लो'. न्यूयॉर्कच्या इटालियन वस्तीतल्या थिएटरांत तो निरनिराळ्या मजुरांची सोंगं आणून गायचा. भाषा नेपल्सची, आणि तिच्यात अमेरिकेत जन्मलेले शब्द: जॉबचा 'जोब्बा', बॉसचा 'बोस्सो'. लोक हसत, कारण ते स्वतःच घरी-दारी तसंच बोलत. शुद्ध इटालियनवाले नाक मुरडणार, इंग्रजीवाल्यांना त्यातलं कळणार नाही, मग साहित्याच्या इतिहासात याला जागा कोण देणार? आमच्या बेळगावच्या मराठीत कन्नड शब्द आला की पुण्याचे पाहुणे गालात हसतात, त्यामुळे इथे मी तटस्थ नाही, हे मान्य. तरी माझं मत ठाम आहे: त्या वस्तीची पहिली खरी कविता शोधायची तर ती या गाण्यांत शोधावी. इंग्रजी मासिकांत त्यानंतर.

पुढे १९४७ मध्ये अमेरिकेत आलेल्या जोसेफ तुसियानीने हा भाषेचा पेच भलत्याच थाटात सोडवला. इंग्रजी, इटालियन, लॅटिन आणि गावची गार्गानो बोली, चारही भाषांत कविता केल्या. एकही सोडली नाही. पण तो प्राध्यापक होता. डॅन्जेलोला एवढी फुरसत कुठली!

मंडळाच्या पुढच्या वाचनाला डॅन्जेलोची एखादी कविता घ्यावी, असं मी सुचवते. एकच अट. आधी कुणी त्याची ओळख करून द्यायची नाही. कविता वाचायची, तिच्यावर भांडायचं, आणि कुदळीचं काय ते नंतर चहाच्या वेळी बोलायचं.