कचरा शहराचा, नाव वाघोबाचं



पाड्यालगत बिबट्या दिसला की साहेब लोकांचं बोलणं ठरलेलं. "जंगलात राहता, मग वाघ येणारच. उठा तिथनं." आम्हाला हे मान्य नाही. वाघोबा आपल्या शेजारी आजचा नाही. वाघबारशीला त्याला मान देणारे आपणच. नवीन झालंय ते वेगळंच.

बोरिवलीचं जंगल सुमारे 104 चौरस किलोमीटर, भोवती मुंबई-ठाणे. हॉटेलातलं उष्टं, कोंबडीची आतडी, सगळं जंगलाच्या कडेला येऊन पडतं. त्यावर भटकी कुत्री पोसतात आणि कुत्र्यांमागं बिबट्या येतो. चितळ-सांबर धरायला मेहनत लागते, कुत्रं आयतं मिळतं. 2015 च्या मोजणीत इथं 35 च्या आसपास बिबटे भरले. 2018 साली छापलेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा की ते वर्षाला दीडेक हजार कुत्री खातात, त्यामुळं कुत्रं चावण्याचं प्रमाणही घटतं. म्हणजे शहराची सफाई वाघोबा करतो, तीही बिनपगारी!

या वाटेवर मधे आपला पाडा. अंधारात परसाकडं बसलेलं माणूस, अंगणातलं पोर हे बिबट्याला कुत्र्याएवढंच दिसतं. संडास नाही, खांबावर दिवा नाही. का नाही? तर म्हणे वनजमीन आहे. पण 2006 च्या वनहक्क कायद्याचं कलम 3(2) वाचा. विजेच्या तारा, पिण्याचं पाणी, शाळा, रस्ता यांसाठी ग्रामसभेच्या शिफारशीनं एक हेक्टरच्या आतली वनजमीन देता येते. आणि 2019 साली आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी रातोरात दोन हजारांवर झाडं पाडली, तेव्हा जंगल कुणालाच आठवलं नाय.

काही जण पिंजरा मागतात. मागू नका. जुन्नरकडं उसातले बिबटे धरून लांब सोडले, तर जिथं सोडले तिथं माणसांवर हल्ले वाढले. बोरिवलीच्या कडेला 2004 साली एवढी माणसं गेली, त्याच्या आधी बाहेरचे बिबटे या जंगलात आणून सोडले होते. एक उचलला की त्याच्या जागी दुसरा येतो. कचरा आणि कुत्री तिथंच असतात ना!

तेव्हा पाड्याची सभा घ्या, ठराव लिहा. कचरा रोज उचला, दिवे लावा, संडास बांधा, वनहक्काचे दावे निकाली काढा. ठरावावर बायांच्याही सह्या-अंगठे घ्या. एक प्रत वॉर्ड ऑफिसात, एक वनखात्यात. पोच घेतल्याशिवाय उठू नका.