पपईवरील पिठ्या ढेकूण: फवारणीआधी मित्रकीटक तपासा

पपईच्या फळावर पांढरा कापसासारखा थर दिसला, की आजही अनेक बागांत आधी फवारणी पंप बाहेर निघतो. याच किडीने काही वर्षांपूर्वी बागा उद्ध्वस्त केल्या होत्या. तिला आवर घातला तो एका मिलिमीटरपेक्षाही लहान परोपजीवी कीटकाने, औषधाने नव्हे. याचा आता विसर पडू लागला आहे.

पपईवरील पिठ्या ढेकूण मूळचा मेक्सिको व मध्य अमेरिकेतील. भारतात तो २००८ मध्ये कोइमतूर भागात आढळला आणि २०१० पर्यंत पुणे, धुळे, जळगाव जिल्ह्यांतही पोचला. इथे त्याला नैसर्गिक शत्रू नव्हता. अंगावरील मेणचट थरामुळे फवारा आत पोचत नव्हता. एक मादी शेकडो अंडी घालत असल्याने फवारणीनंतर कीड पुन्हा वाढत होती.

२०१० मध्ये बंगळूरच्या राष्ट्रीय कृषी उपयोगी कीटक ब्यूरोने प्वेर्तो रिकोतून तीन परोपजीवी कीटक आणले आणि संगरोध तपासणीनंतर सोडले. त्यांपैकी ‘अ‍ॅसेरोफॅगस पपयी’ सर्वांत प्रभावी ठरला. मादी पिलांच्या शरीरात अंडे घालते, अळी आतून पिलाला खाते. दोन-अडीच आठवड्यांत नवा प्रौढ बाहेर पडतो.

ट्रायकोग्रामा पुन्हा पुन्हा सोडावा लागतो. हा कीटक मात्र इथेच स्थिरावला. तो बाटलीत विकला जात नाही, म्हणून त्याची जाहिरातही होत नाही. खरी अडचण इथेच आहे. गरज नसताना मारलेल्या व्यापक परिणामाच्या कीटकनाशकाने हे फुकटचे संरक्षण आपणच संपवतो, आणि मग कीड उसळते.

हाच मार्ग टॅपिओकावरील पिठ्या ढेकणासाठीही वापरला गेला. ती कीड २०२० मध्ये केरळात आढळली. तिचा परोपजीवी बेनिनमधून आणून २०२२ मध्ये तमिळनाडूत सोडण्यात आला.

बागेत काय करावे?

- पानाची खालची बाजू भिंगाने पाहा. तपकिरी, टणक, फुगलेले ढेकूण आणि त्यांवर गोल छिद्र दिसले, तर परोपजीवी काम करत आहे. फवारणी थांबवा, आठ-दहा दिवसांनी पुन्हा पाहा.
- मुंग्या चिकट गोड स्रावासाठी ढेकणांचे रक्षण करतात. त्यांची वारुळे शोधून बंदोबस्त करा.
- बांधावरील गाजरगवत काढा, जास्वंदीवर लक्ष ठेवा. दोन्हींवर ही कीड वाढते.
- प्रादुर्भाव थोड्या झाडांवरच असेल, तर तेवढ्याच झाडांवर जोराचा पाण्याचा फवारा मारा. हवा दमट असल्यास व्हर्टिसिलियम लेकॅनी वापरा.
- छिद्र पडलेला एकही ढेकूण दिसत नसेल, तर परोपजीवी मिळवण्यासाठी कृषी विज्ञान केंद्राशी संपर्क साधा.

विस्तार कार्यकर्त्यांनी बागभेटीत औषधाचे नाव सांगण्याआधी भिंग शेतकऱ्याच्या हाती द्यावे. छिद्र एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, की अनावश्यक फवारणी टाळणे सोपे जाते.