दारू सुटते, मग शरीराचे काय?

महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने १० जून २०२५ रोजी मद्यावरील उत्पादन शुल्कात मोठी वाढ करण्याचा निर्णय घेतला. भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील शुल्क निर्मितिमूल्याच्या तिपटीवरून साडेचार पटीवर गेले. देशी दारूचे शुल्क प्रूफ लिटरमागे १८० रुपयांवरून २०५ रुपये झाले आणि १८० मिलिलिटरच्या देशी बाटलीची किमान किंमत ८० रुपये ठरली. राज्याच्या तिजोरीत वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपयांची भर पडेल, असे तेव्हा सांगण्यात आले. करवाढीच्या निषेधार्थ १४ जुलै रोजी बार व परमिट रूमच्या मालकांनी राज्यव्यापी बंदही पाळला. महसूल, परवाने, परप्रांतातून होणारी चोरटी आयात या सर्व बाजूंनी चर्चा झाली.

दारू महागली की पिणे घटते, हा जगभरचा अनुभव आहे. परंतु ‘घटते’ या एका शब्दाआड निरनिराळी माणसे उभी असतात. कोणी थोडी कमी पितो, कोणी हातभट्टीकडे वळतो आणि कोणी परवडत नाही म्हणून किंवा डॉक्टरांनी भीती घातली म्हणून खरोखरच सोडतो. सोडणाऱ्या या तिसऱ्या माणसाच्या शरीरात पुढील चार दिवसांत, चार महिन्यांत काय घडते, हा प्रश्न त्या साऱ्या चर्चेत आम्हांला कोठे आढळला नाही. गंमत अशी की, राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही अस्तित्वात असून त्याअन्वये दिला जाणारा मद्यपानाचा परवाना मुळात प्रकृतीच्या जतनासाठी असतो! पिणाऱ्याच्या प्रकृतीची एवढी काळजी वाहणाऱ्या व्यवस्थेने सोडणाऱ्याच्या प्रकृतीकडेही पाहावे, अशी अपेक्षा करणे गैर ठरू नये.

अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत दारू सोडण्याची परंपरा काही आजची नाही. गाडगेबाबांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. त्यांचे वडील झिंगराजी दारूच्या व्यसनातच खंगून गेले आणि विधवा माता सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे माहेरी आली. याच डेबूने पुढे आपल्या मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू व मटण न देता गोडाचे जेवण घातले आणि नंतर आयुष्यभर कीर्तनांतून दारूवर कोरडे ओढले. मोझरीच्या तुकडोजी महाराजांनीही ग्रामसुधारणेच्या कार्यात व्यसनमुक्तीला मानाचे स्थान दिले. आजही गळ्यात तुळशीची माळ घालून दारू सोडणारी माणसे गावोगावी भेटतात. आपल्या धर्मग्रामांतही प्रायश्चित्तकाळाच्या आरंभी वेदीपुढे शपथ घेणारे बांधव असतात. शपथ घ्यायला लावण्याची कला वऱ्हाडाला उत्तम साधली आहे. शपथ घेतलेल्या माणसाची शुश्रूषा करण्याची कला मात्र आपण अद्याप नीटशी शिकलेलो नाही.

ही शुश्रूषा का लागते, हे समजून घेतले पाहिजे. अनेक वर्षे रोज दारू पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीशी जुळवून घेतो. गुंगी सतत येणारच, असे गृहीत धरून तो स्वतःला अधिक चेतलेल्या अवस्थेत ठेवू लागतो. दारू एकाएकी बंद झाली की गुंगी जाते, पण चेतना तशीच उरते. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, छाती धडधडते, अन्न नकोसे होते. पहिल्या दोन दिवसांत कोणाला फिट येते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना तीव्र भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, कोणी मारायला आल्याचे भास होतात, ताप चढतो, घरची माणसे ओळखू येत नाहीत. घरच्यांना वाटते, बाहेरची बाधा झाली. मग रुग्णालयाऐवजी भगताचा रस्ता धरला जातो आणि मोलाचे तास वाया जातात. या भ्रमाने उपचाराविना माणूस दगावू शकतो. वेळेवर उपचार मिळाल्यास मृत्यूचे प्रमाण शंभरात पाचाच्याही खाली येते. दोन्हींतील अंतर केवळ आठवडाभराच्या देखरेखीचे असते.

प्रत्येक मद्यपीची अवस्था अशी होते असे मुळीच नाही. बहुसंख्य लोकांचा त्रास चार-पाच दिवसांत ओसरतो. धोका विशेष कोणाला? ज्याला सकाळी उठताच घोट घेतल्याशिवाय हाताचे कापणे थांबत नाही, ज्याला पूर्वी सोडताना फिट आली होती, ज्याचे वय झाले आहे, ज्याला दुसरा आजार आहे किंवा जो जेवणाऐवजी दारूवरच जगत आला आहे, त्याला. अशा माणसाने घरात कोंडून घेऊन ‘मनाच्या बळावर’ दारू सोडण्याचा प्रयोग करू नये.

सक्तीने दारू तुटते तेव्हा काय होते, हे टाळेबंदीच्या काळात देशाने पाहिले. मार्च २०२० मध्ये केरळमध्ये दुकाने एकाएकी बंद झाल्यावर आत्महत्या घडल्या. आपल्याच विभागातील यवतमाळ जिल्ह्यात, वणी येथे, एप्रिल २०२१ मध्ये दुकाने बंद असताना सॅनिटायझर प्यायलेले सात जण मृत्युमुखी पडले. वृत्तपत्रांत त्यांचे वर्णन ‘तळीराम’ असे झाले. हा शब्द गडकऱ्यांच्या नाटकातून मराठीत रूढ झाला आणि आता थट्टेने वापरला जातो. दारू न मिळाल्याने कासावीस झालेल्या शरीराची थट्टा करण्यासारखे त्यात काही नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता उपचाराच्या एका बारकाव्याकडे वाचकांचे लक्ष वेधतो, कारण तो अनेकांना ठाऊक नसतो. दीर्घकाळ दारू पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, फार कमी झालेले असते. खाणे कमी असते आणि जे पोटात जाते तेही आतडी नीट शोषून घेत नाहीत. अशा रुग्णाला थायमिन न देता थेट ग्लुकोजची बाटली लावली, तर उरलेसुरले थायमिनही खर्ची पडून मेंदूला इजा होऊ शकते. डोळ्यांची हालचाल बिघडते, तोल जातो, भान हरपते. आणि उपचार लांबल्यास स्मृती कायमची जाते. गावात अशक्त माणूस दिसला की ‘एक सलाईन लावून द्या’ असा आग्रह नातेवाईकच धरतात. तेव्हा हा माणूस किती वर्षे, दिवसाला किती पितो आणि शेवटचा घोट केव्हा घेतला, हे डॉक्टरांना न लाजता प्रथम सांगितले पाहिजे. हाड मोडून किंवा शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेला रुग्ण तिसऱ्या दिवशी वॉर्डात बरळू लागतो तेव्हाही पुष्कळदा कारण हेच असते: घरच्यांनी अब्रूपोटी दारूची गोष्ट लपवलेली असते.

पहिला आठवडा पार पडला की सगळे सुटकेचा निःश्वास सोडतात, आणि नेमकी तेथूनच सोडणाऱ्याची खरी चिंता सुरू होते. ‘पीत होतो तेव्हा मला काही होत नव्हते, सोडल्यापासूनच आजार लागले,’ ही तक्रार धर्मगुरूंच्या कानी वारंवार येते. ती खोटी नसते. झोप कित्येक महिने लागत नाही, लागली तर वाईट स्वप्ने पडतात. पायांची जळजळ आणि मुंग्या जाणवतात. त्या आधीही होत्या, परंतु दारूच्या बधिरतेत कळत नव्हत्या. पहिल्यांदाच तपासणी होते आणि रक्तदाब, मधुमेह, कावीळ एकदमच कागदावर येतात. मनाला ग्लानी येते. अशा वेळी शेजारी मित्र सांगतो की, एकदम सोडल्यामुळेच हे झाले, थोडी थोडी घेत जा. शरीराच्या या कुरकुरीचा अर्थ समजावून सांगणारे कोणी भेटले नाही, तर शपथ मोडते. तिला मनाचा दुबळेपणा कारण असतो असे आपण समजतो, पण पुष्कळदा निद्रानाश व भीती हीच कारणे असतात.

वास्तविक या काळात आत बरेच चांगले घडत असते. यकृतावर साचलेली चरबी दारू पूर्ण बंद केल्यास काही आठवड्यांत उतरू लागते. रक्ततपासणीतील वाढलेली यकृताची विकरे साधारण एक-दोन महिन्यांत खाली येतात. रक्तदाब काही आठवड्यांत उतरतो. दारूमुळे फुगलेल्या तांबड्या पेशी मात्र तीन-चार महिने घेतात, कारण एका पेशीचे आयुष्यच सुमारे १२० दिवसांचे असते. म्हणून महिन्याभरात केलेला अहवाल पूर्ण ‘नॉर्मल’ आला नाही तर खचून जाण्याचे कारण नाही. आक्रसलेला मेंदूही काही प्रमाणात भरून येतो, विचारांतील धूसरपणा महिन्यांच्या हिशेबाने कमी होतो. पायांच्या नसा सर्वांत सावकाश सुधारतात आणि सर्वांच्याच पूर्ण सुधारतात असे नाही.

यकृत कठीण होऊन बसले असेल, ज्याला सिरॉसिस म्हणतात, तर ते व्रण बहुतांशी राहतात. तथापि त्या अवस्थेतही दारू सोडणाऱ्याचे आयुष्य न सोडणाऱ्यापेक्षा वाढते. ‘आता सोडून काय उपयोग?’ हा प्रश्न आम्ही रुग्णशय्येशी अनेकदा ऐकला आहे. उपयोग असतो. मात्र अशा रुग्णाने दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी. पोटात पाणी होणे, रक्ताची उलटी, डांबरासारखे काळे शौच किंवा दिवसा गुंगी यांपैकी काहीही दिसल्यास त्याला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. ताप आला, खोकला लांबला तर क्षयाची तपासणीही टाळू नये. अतिमद्यपानाने त्या रोगाचा धोका वाढतो, आणि क्षयाच्या काही गोळ्यांचा भार यकृतावर पडत असल्याने डॉक्टरांना पूर्वीच्या पिण्याची माहिती हवी. आणखी एक गोष्ट खास आपल्या मुलुखातली. दारू सुटली की खर्रा वाढतो. बाटलीच्या जागी खर्‍याची पुडी येते आणि घरचे ‘चालेल, दारू तर नाही ना’ म्हणतात. दारू आणि तंबाखू या जोडीने तोंड, घसा व अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका एकमेकींस पोसून वाढत आलेला असतो. त्यातील एकच सोडून दुसरी दुप्पट करणे हा काही लाभाचा सौदा नव्हे.

अधीर झालेल्या पत्नी आणि माता ‘न सांगता जेवणातून देण्याच्या’ पावडरी आणतात. त्यांची व्यथा आम्ही जाणतो. परंतु डायसल्फिरॅमसारखे औषध पोटात असताना माणूस दारू प्यायला, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. हे औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने, यकृत व हृदय तपासूनच द्यायचे असते. बिनलेबलच्या पुडीत तर काय आहे, हेही कोणास ठाऊक नसते.

मग जायचे कोठे? दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाला कोणता ना कोणता उपचार मिळतो, आणि रुग्णालयात दाखल होऊन उपचार १८० मध्ये एकाला. मुंबईत फादर ज्यो परेरा यांनी १९८१ मध्ये सुरू केलेली कृपा फाउंडेशन, पुण्यात डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये उभारलेले मुक्तांगण, ही नावे वऱ्हाडातही आदराने घेतली जातात. फादर परेरा यांनी योगासनांना उपचारात स्थान दिले, कारण व्यसनाने मोडलेल्या माणसाला आधी स्वतःच्या शरीरात परत यावे लागते, हे त्यांनी ओळखले होते. परंतु रोजंदारी बुडवून पाचशे किलोमीटरवर महिनाभर राहणे दर्यापूरच्या किंवा बार्शीटाकळीच्या शेतमजुराला कसे जमावे? त्याच्यासाठी अमरावतीचे इर्विन आणि अकोल्याचे सर्वोपचार हीच दारे आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारूच्या अतिसेवनाशी निगडित मानसिक विकारांचा समावेश मानसिक आजारांत केला आहे. म्हणजे शासकीय रुग्णालयातील उपचार हा अशा रुग्णाचा हक्क ठरतो. याच कायद्याने रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास मनाई केली आहे, हे काही खासगी ‘केंद्रां’नीही ध्यानात ठेवावे. १४ हजार कोटींच्या वाढीव अपेक्षेतून प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात दारू सोडवण्यासाठी चार खाटा, थायमिनची इंजेक्शने आणि प्रशिक्षित परिचारिका एवढी तरतूद झाली, तरी पुष्कळ संसार सावरतील. लोकप्रतिनिधींकडे आपण हे मागितले पाहिजे.

धर्मग्रामांच्या पातळीवर एक गोष्ट मात्र निधीवाचून होण्यासारखी आहे. राखेच्या बुधवारी शपथ घेणाऱ्याचा शेवटचा घोट बहुधा मंगळवारी रात्री होतो. त्या हिशेबाने भ्रमाचा धोका गुरुवार रात्रीपासून शनिवार रात्रीपर्यंत, त्यातही शुक्रवारी-शनिवारी रात्री बाह्यरुग्ण विभाग बंद असताना, अधिक असतो. जो सकाळपासून पितो, त्याने शपथेआधीच्या सोमवारी डॉक्टरांना भेटावे, त्यांच्या सल्ल्याने तारीख ठरवावी आणि तोवर एकाएकी बंद करू नये. त्याच्यासोबत कोण जाणार, रात्री जागणार कोण, गाडी कोणाची, हे आधी ठरवून ठेवावे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे दोन निःशुल्क दूरध्वनी क्रमांक चर्चच्या सूचनाफलकावर मिस्सेच्या वेळापत्रकाशेजारी लावता येतील.