सून आजारी, चर्चा घरोघरी

हॅरी आणि विल्यम या भावांचं बिनसलंय, हे तुम्हाला माहीत आहे. नाही म्हणू नका. रील सरकवता सरकवता का होईना, कळतंच. पण त्या घराचा खर्च कोण करतं, हे सांगता येईल? रिद्धपूरच्या पारावर विचारलं तर उत्तर येईल, ‘आपल्याले काय करा लागते?’ बरोबर आहे. मग भांडणाचं तरी आपल्याले काय करा लागते?

राजघराण्याचं कुतूहल असण्यात मला काही वाईट दिसत नाही. मुंबईच्या डबेवाल्यांनी २०१८ मध्ये मेगनच्या लग्नासाठी पैठणी घेतली, २०२३ मध्ये चार्ल्सच्या राज्याभिषेकासाठी पुणेरी पगडी. काहींनी त्यात गुलामी शोधली. अहो, चार्ल्स २००३ मध्ये चर्चगेटला त्यांना भेटून गेले होते, २००५ च्या लग्नाला त्यांच्यातल्या दोघांना आमंत्रण होतं. ओळखीच्या घरी आहेर जाणारच की!

मार्च २०२४ मध्ये मात्र कुतूहलाचं काहीतरी वेगळंच झालं. केट बरेच दिवस दिसली नाही. राजवाड्यातून आलेल्या फोटोत फेरफार निघाला, वृत्तसंस्थांनी तो मागे घेतला आणि जगभर तर्क सुरू झाले. घटस्फोट झाला इथपासून बाई हयात तरी आहे का इथपर्यंत. २२ मार्चला तिला स्वतः कॅमेऱ्यासमोर बसून कॅन्सर झाल्याचं सांगावं लागलं. ते मीम फॉरवर्ड करणाऱ्यांत आपल्या कॉलेजांचे ग्रुपही होतेच.

आता खर्चाचं. ब्रिटनमध्ये कारभार निवडून आलेलं सरकार चालवतं. राजा घटनेच्या चौकटीत राहून सही करतो. त्याच्या कामकाजासाठी सरकारी तिजोरीतून २०२४-२५ मध्ये ८ कोटी ६३ लाख पौंड मिळाले, पुढच्या वर्षी १३ कोटी २१ लाख. बकिंगहॅम पॅलेसची दुरुस्ती हे त्याचं एक कारण. हे विचारायचा तिथल्या माणसाला पूर्ण हक्क आहे. यावर मीम कुठं दिसलं?

मोठ्या माणसाच्या बारीकसारीक गोष्टी टिपणं रिद्धपूरला नवीन नाही. म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ लिहिलं ते इथेच, वाजेश्वरीला. चक्रधरस्वामी काय जेवले, कुणाशी काय बोलले, सगळं त्यात आहे. ते मूळचे राजपुत्र, असं परंपरा सांगते. पण म्हाइंभट ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्यांच्याकडे गेले, त्यांना विचारलं, मग लिहिलं. पत्रकारितेच्या वर्गात आम्हाला हेच शिकवतात, फक्त इंग्रजी नावानं.

आपल्याकडे तर राजेपण कागदावर कधीच संपलंय. घटनेच्या कलम १८ ने किताब गेले, १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने तनखे गेले. तरी २०२४ च्या लोकसभेला कोल्हापुरात प्रचार कशावर तापला? गादीचा खरा वारस कोण, दत्तक की रक्ताचा! खासदार निवडायचा होता हो. शाहू महाराज निवडून आले ते मतांनी, वंशावळीनं नव्हे. आणि उद्या पाडायचं झालं तर तेही मतांनीच.

आपल्या मोर्शी-वरुडकडे पुढच्या वेळी कुणी मत मागायला आलं की कान देऊन ऐका. आधी त्याच्या आजोबांचं नाव निघतं की संत्र्याच्या भावाचं?